शेवटच्या गुरुवारची बिस्किटं

२९ नोव्हेंबर, शनिवार

नवऱ्याला, संदीपला, कंपनीतून मिळालेली ही डायरी जानेवारीपासून टीव्हीखाली पडून होती. अकरा महिने कोरी. आज उघडली, कारण जे केलंय ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि पोटात राहतही नाही.

काय केलं? तोंड उघडलं, दुसरं काय. आमच्या लेकीच्या, रोशनीच्या, शाळेच्या ग्रुपवर कविता टीचरने विचारलं, की २४ तारखेला नाताळचा कार्यक्रम आहे, मुलांना सजवलेली बिस्किटं द्यायची आहेत, घरी करणारं कुणी पालक आहे का? शहापुरातल्या ज्या बायकांकडे ओव्हन आहेत त्या सगळ्या चिडीचूप. आणि शेणव्याच्या कुणालीने, म्हणजे मीच, जिच्याकडे एक शेगडी आणि एक कुकर, लिहिलं, "मी करेन मॅडम, सोपी असतात."

सोपी! मी जन्मात साधी नानकटाई भाजलेली नाही. दिवाळीत आम्ही पीठ मळून पत्रा बेकरीत नेतो, तो भट्टीवाला भाजतो आणि आम्ही घरी आणून 'आमची नानकटाई' म्हणून मिरवतो.

ग्रुपवर टाळ्यांचे हात आले. एकीने लिहिलं, "वा! गावातून!" ते 'गावातून' मला असं झोंबलं की आता माघार घेणं शक्य नाही.

संदीप कल्याणहून आल्यावर त्याला सांगितलं. म्हणाला, "तू पयली चपाती गोल लाट." मेला.

३ डिसेंबर, बुधवार

पहिला घाणा. कुकरची शिटी आणि रिंग काढली, तळात मीठ पसरलं, वर जाळी ठेवून ताटलीत बिस्किटं. मोबाईलमधली बाई म्हणते, वीस मिनिटं. वीस मिनिटांनी खालून कोळसा आणि वरून कच्ची. घरभर जळका वास.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भेंडीच्या वाडीतून आल्या आणि दारातच थांबल्या. "काय पेटवलंस गो?"

मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं आता ऐकवतील. मैदा आहे, लोणी आहे, गॅस आहे, कशाचंही ऐकवता आलं असतं. पण त्यांनी एक उचललं, जळकं खरवडून वरचं खाल्लं आणि म्हणाल्या, "आच कमी ठेव. मीठ आधी तापू दे मग ताटली ठेव. आमी आंबोळीला काय करतो?" आणि गेल्या पाय धुवायला.

देवकीबाईंचं हे असंच. गावात त्यांना सगळे वचकून असतात. सासरे, आबा, भातसानगरला धरणावर पहारेकरी आहेत, तेसुद्धा सुट्टीला घरी आले की चप्पल सरळ रेषेत काढतात.

७ डिसेंबर, रविवार

जमली! बिस्किटं जमली. खमंग, सारखी भाजलेली. वाटीने गोल कापली, पुठ्ठ्याचा साचा करून चांदण्या आणि झाडं कापली. झाड कसलं ते मला ठाऊक नाही, आमच्याकडे असलं टोकदार झाड नसतं. रोशनी म्हणाली, "मम्मी, बर्फाचा माणूस पण कर." बर्फ आम्ही बघितलाय तो गोळ्याचा. तरी केला.

बोंब झाली ती सजावटीची. पिठीसाखर दुधात कालवून मेंदीच्या कोनात भरली. कोन माझ्या हातात म्हणजे काय, अख्ख्या पंचक्रोशीतल्या नवऱ्या मी रंगवते. काय सुंदर काढलं! चांदणीवर जाळी, झाडावर कोयऱ्या, बर्फाच्या माणसाला बाशिंग. पाच मिनिटांत सगळं ओघळून खाली. बर्फाचा माणूस तापाने फणफणल्यासारखा घामेजला. रात्रीपर्यंतही वाळेना, एकावर एक ठेवली की चिकटून बसतात.

रोशनीने मात्र ती चाटून चाटून संपवली. तिला काय.

१४ डिसेंबर, रविवार

कविता टीचरने फोटो मागितला. मी आइसिंग ओलं असतानाच पटकन काढून पाठवला. तिचं उत्तर आलं, "सुंदर! फक्त पॅकिंग करायचं आहे, तर कडक वाळलेलं हवं." म्हणजे तिला कळलं.

मोबाईलवाल्या बाया शोधल्या. चार जणी एकच सांगतात, की अंड्याचा पांढरा भाग फेटायचा, त्यात साखर, लिंबाचे थेंब. दगडासारखं वाळतं, चकाकतं.

आता गंमत अशी की सध्या मार्गशीर्ष. आमच्या घरात या महिन्यात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. घरच्या कोंबड्या अंडी घालतात तीसुद्धा आई उचलून खुडूक कोंबडीच्या खाली ठेवतात, पिल्लं होऊ देत म्हणून. गुरुवारी घट मांडतात, पोथी वाचतात. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सात सुवासिनी.

महिना २० तारखेला संपेल. कार्यक्रम २४ ला. मग अंडी आणायला काय हरकत? काहीच नाही. पण आधी एकदा करून बघायला नको? ऐन वेळी फसलं तर शहापूरच्या बायका काय म्हणतील? हाच विचार डोक्यात फिरतोय. लिहून ठेवते की मी काही केलेलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

केलं.

आई दुपारी भेंडी तोडायला गेल्या. काल त्यांनी ताजी अंडी खुडूक कोंबडीच्या पाटीत ठेवली होती. दुकानातून आणलं असतं तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं, म्हणून मी पाटीत हात घातला. कोंबडीने चोच मारली ती अजून दुखतेय. दोन घेतली. टरफलं चुलीत घातली, भांडं राखेने तीनदा घासलं, अगरबत्ती लावली. एवढी अक्कल चांगल्या कामाला वापरली असती तर मी आज तलाठी असते.

पण काय झालंय म्हणून सांगू! शुभ्र, टणक, नखाने टक टक वाजतंय. कोयऱ्या जशाच्या तशा. एका चांदणीवर मी नाजूक वेल काढली, ती बघून मलाच माझा अभिमान वाटला. सगळी डब्यात भरून कपाटावर ठेवली. उद्या फोटो काढीन आणि मग गुपचूप कुणाला तरी, म्हणजे संदीपच्या डब्यात, देऊन टाकीन.

आई आल्या, म्हणाल्या, "अगरबत्ती कशाला आज? गुरुवार उद्या हाय." मी म्हटलं, "असंच, प्रसन्न वाटतं."

१८ डिसेंबर, गुरुवार

 

उद्यापन झालं. सातही जणी आल्या. मंगळी आली, बाईजा आली. शेजारच्या शकूकाकी आल्या, त्यांची सून, संजूची बायको जयश्री आली. जयश्रीला सातवा महिना आहे. याआधी दोनदा पोट राहून गेलं, म्हणून शकूकाकींनी देवीला नवस बोललाय. महिनाभर अंडं-मटण तर नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही, सुनेने नाही आणि सासूनेही नाही. जयश्री माझी मैत्रीण. तिच्या लग्नातली मेंदी माझीच.

हळदीकुंकू झालं. आईंनी फळं दिली, पोथ्या दिल्या. मी दूध आटवत होते. बाहेर येऊन बघते तर आईंच्या हातात माझा डबा! कपाटावरून स्वतः काढलेला. त्यांनी झाकण उघडलं आणि सगळ्या जणी 'अगं बाई!' म्हणून पुढे वाकल्या.

"माझ्या सुनंनं केलीत," आई म्हणाल्या. "शाळंतली टीचर मागतंय तिच्याकडं. शहापूरच्या बायांना नाय जमत."

आईंना मी लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझं तोंडावर कौतुक करताना ऐकलं नव्हतं. आज ऐकलं, आणि ते आज.

शकूकाकींनी चांदणी हातात घेतली आणि थांबल्या. "देवके, यात अंडं असतं गो. संजूनं कल्यानवरनं केक आणलेला, त्यात व्हतं."

आई हसल्या. "आमच्या घरात? मारगेसरात? कोंबडीची पन मी तिच्याच खाली ठेवते. इचार हिला." आणि माझ्याकडे वळून, "काय गो कुणाले?"

सातही जणी माझ्याकडे बघत होत्या. देवी घटावर बसलेली. मी म्हणू शकले असते. 'आई, ही नका देऊ.' बस, एवढंच. चिडल्या असत्या, बोलल्या असत्या, झालं असतं.

मी म्हटलं, "नाय आई. दूध आनि साखर."

सगळ्यांनी खाल्ली. जयश्रीने दोन खाल्ली, तिसरं मागून घेतलं. शकूकाकी म्हणाल्या, "आमच्या पोरीनं बरेच दिसानं कायतरी आवडीनं खाल्लं." माझ्या पाठीवर हात फिरवला.

मला माझीच शिसारी येतेय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आई खुडूक कोंबडीला दाणे घालायला गेल्या. मी भांडी घासत होते.

"कुणाले, पाटीत दोन कमी हायत गो."

मी परात आणखी जोरात घासली. "मुंगूस आलं असंल आई," मी म्हटलं.

"मुंगूस." त्या पाटीकडे बघत राहिल्या. "मुंगूस दोनच नेतं? बाकीची तशीच ठेवतं?"

"घाबरलं असंल कोंबडीला."

आईंनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं."

सुटले. मुंगसाचं त्यांना पटलं. पण हे लिहिताना वाटतंय, एका खोट्याला सोबत म्हणून मी दुसरं आणून बसवलं.

२० डिसेंबर, शनिवार

महिना संपला. आबा सुट्टीला आले, येताना बोकडाची वजडी घेऊन आले. दर वर्षी या दिवशी आई स्वतः मसाला वाटतात. आज मलाच करायला सांगितलं. स्वतः जेवल्या नाहीत. वरणभात, तोही दोन घास. पोट बरं नाही म्हणे.

संध्याकाळी मी कपडे घडी करत होते तर येऊन शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तुला काय बोलायचं हाय काय?"

मी दचकले. वाटलं, लोणी कुठून आलं ते विचारणार. घरखर्चातून आणलंय. म्हटलं, "नाय आई. काय बोलायचंय?"

"नाय, असाच इचारला," म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

२१ डिसेंबर, रविवार

जयश्रीला दवाखान्यात नेलंय.

सकाळी चक्कर येऊन पडली, पाय सुजलेले, थोडं रक्त गेलं. संजूने रिक्षा आणली. शकूकाकी रिक्षात बसताना रडत होत्या, "माझं कुठं चुकलं गो आई, माझं काय चुकलं." देवीला विचारत होत्या. मी अंगणात उभी होते. मला माहीत होतं कुणाचं चुकलं, आणि मी पाण्याची बाटली भरून दिली. एवढंच केलं.

मी बारावी शिकलेली आहे. अंड्याच्या पांढऱ्याने कुणाचं पोट जात नाही एवढं मला कळतं. कळतं, पण पटत नाही. सारखं दिसतंय ते तिसरं बिस्किट, तिने मागून घेतलेलं.

संदीपला सांगावंसं वाटलं. तो मोबाईलवर क्रिकेट बघत होता. म्हटलं, "समज, एखाद्याने कुणाचं व्रत मोडलं…" तो म्हणाला, "कोणी मोडलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, गोष्ट वाचली." भेकड आहे मी. पक्की भेकड.

२२ डिसेंबर, सोमवार

आईंनी आज दुपारी ठेवणीतली हिरवी साडी नेसली. भर उन्हात. मी विचारलं कुठे? म्हणाल्या, "येते जाऊन." जायच्या आधी उंबऱ्यावर थांबल्या. "बस गो जरा हितं, माझ्याजवळ."

"कुकर लावलाय आई."

"कुकर बंद कर."

"रोशनीची बस येईल आता," मी म्हटलं. बस यायला अजून खूप वेळ होता.

त्या गेल्या. उन्हं कलल्यावर आल्या. पाय धुळीने भरलेले, कपाळावरचं कुंकू घामाने पसरलेलं. मंगळीच्या घरी गेल्या होत्या, बाईजाकडे गेल्या होत्या, एवढं मला रोशनीकडून कळलं, तिने बसमधून बघितलं. म्हणजे दारोदार फिरत होत्या. कशाला? माझं काही कानावर आलंय आणि ते सांगत फिरतायत, दुसरं काय असणार. मला राग आला. मला! राग!

नळावर गेले तर बायका गप्प झाल्या. मंगळी म्हणाली, "तुझी सासू लय मोठी बाय हाय गो." असं म्हणाली की मला चिमटाच बसला. मी हंडा अर्धा भरून निघाले.

२३ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर बिस्किटं भाजली. अंडी आता आणता येतात, महिना संपलाय, कुणाचीही हरकत नाही. दुकानात गेले, हात पुढे केला आणि परत आले. नाही जमलं. 

दूध-साखरच घातली. जास्त साखर घालून घट्ट केली, खायचे रंग मिसळले. कोन दाबताना हात दुखला. पंख्याखाली वाळत ठेवलीत. थोडी वाळलीत असं वाटतंय. देवा, एवढं निभव.

आई मदतीला बसल्या. ताटल्या पुसून दिल्या, चांदण्या उचलून रांगेत लावल्या. एकही तुटू दिली नाही. म्हणाल्या, "ह्यात दूध-साखर हाय ना?"

"हो आई. खरंच."

'खरंच' कशाला म्हटलं मी? त्यांनी पुढची ताटली पुसायला घेतली. आजही भात अर्धाच खाल्ला. त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं.

२४ डिसेंबर, बुधवार

फजिती. पूर्ण फजिती.

शाळेत पोचेपर्यंत डब्यातली सगळी एकमेकांना चिकटलेली. लाल टोप्या घातलेली पोरं रांगेत उभी, आणि मी उलथन्याने बिस्किटं सोडवतेय. झाडाचा हिरवा रंग चांदणीवर, चांदणीचा लाल बर्फाच्या माणसाच्या तोंडावर. एका मुलाने विचारलं, "टीचर, ह्याला लागलंय का?" पोरांचे हात, शर्ट, टोप्यांची पांढरी कड, सगळं रंगलं.

आयांचा घोळका हसला. मोठ्याने नाही, रुमालात. कविता टीचर चांगली बाई आहे, ती हळूच म्हणाली, "कुणाली, तुम्ही गेल्या आठवड्यात फोटो पाठवला होता ना, त्यात तर किती छान वाळलेली होती?"

तो फोटो १७ तारखेच्या बिस्किटांचा. मी १८ ला सकाळी, उद्यापनाच्या आधी काढून पाठवला होता.

मी म्हटलं, "त्याला वेगळं काही घातलं होतं."

"मग तेच घालायचं ना."

मान खाली घालून रिकामे डबे घेऊन बाहेर आले. रोशनी माझा हात न धरता पुढे चालत होती. तिलाही लाज वाटली माझी. वाटू दे. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, कुणीतरी मला हसलं म्हणून. गेले सहा दिवस सगळे माझं कौतुकच करत होते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काल जयश्री घरी आली. मूल सुखरूप आहे. रक्त कमी, दाब वाढलेला, आता बाळंत होईपर्यंत आराम सांगितलाय. मी काल दिवसभर हिंमत गोळा केली. आज सकाळी घरचं आवरून गेले.

जयश्री अंगणात बाजेवर उन्हाला पडली होती. शकूकाकी तिच्या पायाशी बसून उकडलेलं अंडं सोलत होत्या. मी बघतच राहिले. "डॉक्टरनं सांगितलंय," काकी म्हणाल्या. "रोज दोन खा मनाला. महिनाभर तोंडाला लावू दिलं नाय मी आनि हिचं रक्तच कमी झालेलं."

मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. बसले असते तर धीर सुटला असता. "काकी, उद्यापनाच्या बिस्किटांत अंडं होतं. मी घातलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

त्यांनी अंडं सोलणं थांबवलं नाही. "ठाऊक हाय," म्हणाल्या.

मला कळेना.

"देवकी आलेली सोमवारी. दवाखान्यातनं मी कपडे न्यायला आलेले तवा. उंबऱ्याभायेर उभी राहिली, आत येयना. मनाली, शकू, बिस्किटांत अंडं व्हतं, मीच काढून दिलं सुनंला. पोरगी नको मनत व्हती, मीच मनाले कोनाला काय कलतंय. तुझं वरत मी मोडलं. आनि वाकली माझ्या पायावर." काकींनी हात पुसले. "माझ्यापरीस मोठी बाय ती. घट कोनाचा चांगला यावरनं आमचं जल्मभर जुंपलेलं. कदी कोनापुढं वाकलेली नाय, तुला म्हाईत हाय."

"मग तुम्ही?"

"मी काय करनार? पोरगी दवाखान्यात, माझं डोस्कं ठिकाणावर नाय. मी पाय मागं घेतले. दार लावलं तिच्या तोंडावर." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "फटीतनं बघितलं तर तशीच उभी व्हती उन्हात. मंग पुढल्या दारी गेली. सगळ्यांच्या घरी गेली ती."

जयश्री उठून बसली होती. काकी तिच्याकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आनि आता तू सांगतंस का तूच केलंस. मंजी ती बाय माझ्याशी खोटं बोलली. तुझ्यापायी."

मी तोंड झाकून रडायला लागले. मंगळीचं बोलणं, हिरवी साडी, अर्धा भात, सगळं एकदम अंगावर आलं. पाटीकडे बघून 'बरं' म्हणाल्या, तेव्हाच त्यांना कळलं होतं.

"हितं काय रडतंस?" शकूकाकी म्हणाल्या. आवाज कडक होता पण वाईट नव्हता. "घरी जा गो. जिच्याकडं जायचं तिच्याकडं जा."

आई ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले. माझा चेहरा बघून त्यांना कळलंच असणार.

"कुठनं आलीस?"

"शकूकाकींकडनं."

"सांगितलंस?"

"हो."

त्यांनी एक दाणा सोलला, दुसरा सोलला. मला वाटलं आता म्हणतील, बरं केलंस. मला खरंच तसं वाटलं, देवाशपथ. शाबासकीची वाट बघत होते मी.

"तिला सांगितलंस," आई म्हणाल्या. "आधी तिला."

मी वाटीतला एक दाणा उचलला आणि परत टाकला.

"मी हितंच व्हते गो. रोज हितंच व्हते. कितींदा इचारलं तुला. बस मनाले, बोल मनाले. मला वाटलं, आज सांगंल, उंद्या सांगंल. तू सांगितलं असतंस तर मी तुला घेऊन गेले असते सगळ्यांच्या घरी. दोघी गेलो असतो."

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "आई, मी तुमच्याशी खोटं बोलले. देवीसमोर बोलले. तुमची अंडी चोरली. मुंगूस नव्हतं." लहान पोरासारखं सगळं एका दमात. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही. हातातली वाटी तशीच धरून बसल्या होत्या.

"आई मनतंस मला," एवढंच म्हणाल्या. मग वाटी खाली ठेवून, "ऊठ. जेवायचं बघ."

मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, बिरड्याची आमटी केली. त्यांचं ताट वाढलं. गेल्या शुक्रवारपासून पहिल्यांदा त्या नीट जेवायला बसल्या. मी समोर बसून वाढत होते. एक भाकरी संपली, दुसरी दिली, आमटी वाढली, त्या खात होत्या. मला वाटलं, आता वर बघतील, काहीतरी बोलतील, आमटीत मीठ कमी आहे असं तरी म्हणतील. तिसरी भाकरी पुढे केली तेव्हा त्यांनी 'पुरे'ही म्हटलं नाही. मान खाली ठेवूनच ताटावर हात आडवा धरला, जसा आपण परक्याच्या घरी धरतो. मी भाकरी परत टोपलीत ठेवली.